रुग्णाची हकिकत हाही पुरावा

रुग्णालयाची तपासणी म्हटली की स्वच्छ फरशी आणि नीट भरलेल्या वह्या आठवतात. पण वहीत लिहिलेले औषध रुग्णाला मिळाले का, हे वही कशी सांगणार?

आमच्या मामीचे सोलापुरात ऑपरेशन झाले. केसपेपरवर ‘औषधे दिली’ अशी नोंद होती. मामांच्या खिशात मात्र बाहेरच्या दुकानाची बिले होती. तपासणीचे साहेब खाटेपाशी आले, तेव्हा मामी म्हणाली, “समदं बरं हाय.” दुसऱ्या दिवशी टाके काढायचे होते ना!

सरकारी रुग्णालयांसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता मानके आली. त्यांत खातरजमेच्या चार वाटा आहेत : प्रत्यक्ष पाहणे, कर्मचाऱ्यांशी बोलणे, कागद तपासणे आणि रुग्णाला विचारणे. त्याआधी २००७ मध्ये शेजारच्या उस्मानाबादसह (आताचे धाराशिव) राज्यातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. जनसुनवाईत गावकरी आपले अनुभव थेट अधिकाऱ्यांपुढे मांडू लागले.

एका हकिकतीवरून अख्खे रुग्णालय वाईट ठरत नाही. ती फक्त कुठे पाहायचे ते दाखवते. मामीचे बिल औषधसाठ्याच्या वहीशी ताडून पाहावे, त्याच आठवड्यातले आणखी दहा केसपेपर काढावेत. मग चूक एकदाची की रोजची, ते कळते.

मात्र विचारणाऱ्याने डॉक्टर-नर्सना बाजूला ठेवून, नाव गुप्त राखून विचारावे. आणि आपण केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिले जपून ठेवावीत. भीतीने बोलता आले नाही, तरी कागद बोलतात.