हिरवळ उकरू नका, जागवा

लॉन या शब्दाशी आमचा पहिला संबंध कापडामुळे आला. उन्हाळा तोंडावर आला की दुकानात लॉनचे सूट मागणारी गिऱ्हाइके येऊ लागतात. पातळ, मऊ, सुती कापड. हे नाव फ्रान्समधल्या लाँ नावाच्या गावावरून पडले असे सांगतात. बागेतल्या लॉनचा त्या गावाशी काही संबंध नाही, तो शब्दच निराळा. आणि आपल्या विदर्भात लॉन म्हटले की लोकांच्या डोळ्यापुढे लग्नाची जागा उभी राहते. आज आम्ही लिहीत आहोत ते घरापुढच्या हिरवळीविषयी. कापडवाल्याने हा विषय का घ्यावा, असे वाचकांना वाटेल. कारण असे की या हिरवळीने आम्हाला एका वर्षी चांगलाच तोटा दाखवला, आणि तो तोटा सर्वस्वी अज्ञानाचा होता.

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. तेव्हा वीज मंडळ होते, २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यापासून महानिर्मिती आहे. क्वार्टरपुढे थोडी मोकळी जागा, तिथे तुळस, पेरू, जास्वंद आणि गवताचा एक तुकडा, ही पद्धत वसाहतीत पडली आणि आसपासच्या खासगी घरांनीही ती उचलली. आमचे घर त्यांपैकीच एक. पुढे वीस फूट बाय तीस फूट गवत. दुकान बंद करून आल्यावर खुर्ची टाकून बसावे, एवढाच त्याचा उपयोग, पण तो लहान नाही.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या शेवटी ते सगळे गवत चटईसारखे पिवळे पडले. एका रोपवाटिकेवाल्याने येऊन पाहिले आणि निकाल दिला की हे मेले, उकरून नवे लावा. आम्ही त्याचे ऐकले. जुने गवत उकरले, भारी जातीच्या लाद्या आणल्या, आणि हे सर्व होईपर्यंत एप्रिल उजाडला. खर्च दुकानाच्या महिन्याच्या भाड्याइतका झाला. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा मुळे न धरलेल्या त्या लाद्या पापडासारख्या वाळल्या. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर कुंपणाच्या कडेने हिरवे कोंब दिसू लागले. ते आमचेच जुने गवत होते. उकरताना कडेला जे राहिले तेवढेच वाचले होते. घरातून आम्हाला ऐकावे लागले की गठ्ठा उघडून न पाहता माल टाकाऊ ठरवलात. बोलणे खरे होते.

आपल्याकडचे बहुतेक गवत म्हणजे हरळी. हिंदी-उर्दूत जिला दूब म्हणतात तीच. 'सिलेक्शन' किंवा बर्म्युडा म्हणून रोपवाटिकेत जे विकले जाते तेही याच कुळातले. हे उष्ण हवेचे गवत आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास घसरले की ते वाढ थांबवते, पाने सुकू देते आणि सारा जीव जमिनीलगतच्या धावत्या दांड्यांत व मुळांत साठवून ठेवते. पळसाला फुले आली, रात्री ऊबदार झाल्या, की तेच गवत पुन्हा फुटते. म्हणजे जानेवारीतला पिवळेपणा हा रोग नसून झोप आहे.

झोप की मृत्यू हे ओळखण्याला पैसा लागत नाही. मूठभर पिवळे गवत धरून हलकेच ओढावे. मुळे धरून राहिली तर आशा आहे. एक दांडी नखाने खरवडावी. आत पांढरी-हिरवट व ओलसर असेल तर ती जिवंत आहे. तरीही शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा मातीसकट काढून कुंडीत लावावा, उन्हात ठेवावा, रोज थोडे पाणी द्यावे. दहा-बारा दिवसांत टोके हिरवी झाली तर उकरण्याचा विचार सोडून द्यावा. सगळे गवत चादरीसारखे सहज उचलले जात असेल आणि खाली मुळेच नसतील, तर मात्र हुमणीच्या अळ्यांनी किंवा वाळवीने काम केलेले असते. तिथे आधी तो बंदोबस्त.

आता कामाचा क्रम. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य, हे चार आठवडे ऊर्जानगरच्या हिरवळीचा सीझन. यात जे होईल त्यावर मे महिना निघतो. त्यानंतर केलेला खर्च बहुतांशी वाया जातो, हे आम्ही सोसून शिकलो.

पहिल्यांदा दंताळ्याने वाळलेला कचरा ओढून काढावा. मग गवत एकदाच अगदी खाली, पाऊण इंचापर्यंत कापावे आणि कापलेले सर्व उचलून टाकावे. यामुळे ऊन जमिनीला लागते, माती तापते आणि कोंब लवकर येतात. मेक्सिकन किंवा कोरियन नावाने मिळणारे मऊ, गादीसारखे गवत ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मात्र इतके खाली जाऊ नये. ते फार हळू वाढते आणि उघडे पडले तर महिनोन् महिने तसेच राहते.

पुढचे काम लोक टाळतात, पण आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे. आपली काळी माती पायाखाली दबून दगड होते आणि वरचे पाणी वाहून जाते. पाणी शिंपडून माती जरा नरम करावी आणि जाड सळईने किंवा लोखंडी काट्याने वीत-वीत अंतरावर चार बोटे खोल भोके पाडावीत. वीस बाय तीसच्या जागेला एका माणसाची एक सकाळ जाते. त्यावर चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत पसरावे. थर पाव इंचापेक्षा जाड नको, गवताची टोके वर दिसली पाहिजेत. एवढ्या जागेला अठरा-वीस घमेली पुरतात. झाडूने फिरवले की खत भोकांत उतरते. ताजे शेण टाकू नये. त्याबरोबर तणाचे बी, वाळवी आणि हुमणी फुकटात घरी येते.

उघड्या पडलेल्या जागांना नवी लादी आणण्याची गरज नसते. हरळी म्हणजे ताणा-बाणाच आहे, तिच्या दांड्या आडव्या धावतात आणि प्रत्येक गाठीतून मुळे टाकतात. दाट जागेतून मूळ-गाठी असलेले बोटभर तुकडे काढावेत, उघड्या जागेत चार-चार इंचांवर खोचावेत, पायाने दाबावेत आणि दोन आठवडे ती जागा ओली ठेवावी. कपड्याला रफू करतात तसेच, धागा त्याच कपड्याचा असला तर रफू दिसत नाही. झाडाच्या दाट सावलीत मात्र हा उद्योग करू नये. हरळीला दिवसाचे निदान सहा तास ऊन लागते. कडुनिंबाखाली दरवर्षी गवत लावणारे एक गृहस्थ आम्हाला माहीत आहेत. तेवढ्या पैशात त्यांची फरशी केव्हाच झाली असती.

युरिया देण्याची घाई करू नये. अर्धी जागा हिरवी दिसू लागली, दोन-तीन कापण्या झाल्या, मगच द्यावा. माप चौरस मीटरला १० ग्रॅम. सहाशे चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर, म्हणजे अर्धा किलोच्या थोडा वर. तो कोरड्या मातीत मिसळून, पाने कोरडी असताना, निम्मा उभा व निम्मा आडवा चालत फेकावा आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. आम्ही एकदा अंदाजाने मुठी भरून फेकला होता. जिथे मूठ जड पडली तिथे तपकिरी पट्टे उमटले आणि ते पावसाळ्यापर्यंत दिसत राहिले. वजनकाटा दुकानातच नव्हे, बागेतही लागतो.

तणात खरा शत्रू नागरमोथा. वरून उपटला तर खाली मातीत राहिलेली त्याची गाठ पुन्हा फुटते. माती ओली करून खुरप्याने वीतभर खोल जाऊन गाठीसकट काढावा आणि खताच्या ढिगावर टाकू नये. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटावे, हातात मोजे घालून, कारण त्याने अनेकांच्या कातडीला खाज सुटते.

आपल्या भागाचा एक खास प्रश्न राखेचा. पानांवर राख बसते ती कापणीबरोबर निघून जाते, तिच्यासाठी रोज फवारणीची गरज नाही. पण कोणी सांगतात की केंद्राची राख खत म्हणून पसरा. चुलीतली लाकडाची राख वेगळी, तिच्यात पोटॅश असते. कोळशाच्या राखेत नत्र नसते, ते भट्टीतच जळून गेलेले असते. आपल्या काळ्या मातीत मुळातच अल्कली जास्त, त्यात ही राख भर घालू शकते. शिवाय तिच्यात जड धातूही असतात. विटा करणाऱ्या भावांना ती कामाची आहे, अंगणात मुले खेळतात तिथे तिचे काम नाही.

कापणीचा नियम एकच. जेवढी उंची असेल तिच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त एका वेळी कापू नये. मार्चमध्ये उंची एक ते दीड इंच, एप्रिलपासून दोन इंच. लांब पान मुळांवर सावली धरते. यंत्राचे पाते बोथट असेल तर ते कापत नाही, फाडते. बोथट कात्रीने मलमल कापून पाहावी, काठ कसा सुटतो ते कळेल. गवताचाही तसाच सुटतो आणि दोन दिवसांत टोके पांढरी पडतात. लोक त्याला पाण्याची कमतरता समजून आणखी पाणी ओततात.

पाण्याविषयी जरा थांबून सांगणे भाग आहे. इरई धरणाचे पाणी वीज केंद्राला लागते आणि चंद्रपूर शहरालाही. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी कमी पडल्याने केंद्राचे काही संच बंद ठेवावे लागले होते. अशा गावात नळी उघडी टाकून चहाला जाणे शोभत नाही, आणि गवतालाही त्याचा फायदा नाही. मार्चमध्ये हरळीला आठवड्याला सुमारे एक इंच पाणी पुरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, या हिशोबाने आमच्या जागेला आठवड्याला चौदाशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे सात ड्रम. हे रोज थोडेथोडे न देता दोन वेळा, पहाटे, खोलवर द्यावे. सळई चार इंच सहज जात असेल तर पाणी पोहोचले. रोज शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि मेमध्ये तीच आधी भाजतात.

मे महिन्यात हिरवेपणाचा आग्रह धरू नये. आठ-दहा दिवसांनी अर्धा इंच पाणी देऊन गवत फक्त जिवंत ठेवावे. ते पुन्हा पिवळे पडेल, पडू द्यावे. जून त्याला उठवतो. घरातले वजूचे पाणी, तांदूळ-भाजी धुतलेले पाणी सरळ गवताला घालता येते. धुण्याचा सोडा असलेले पाणी घालू नये, त्याने काळी माती आणखी घट्ट होते. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणारे पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणी खारट असते, ते नेहमी एकाच जागी ओतू नये.

कडेच्या झुडपांचाही विचार करावा. २०२२ च्या फेब्रुवारीत ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरात वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली. हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. कुंपणालगतची घाणेरी आणि कंबरभर वाढलेले रानगवत म्हणजे बिबट्याला दबा धरायची जागा. ते याच महिन्यात साफ करावे. संध्याकाळी मुलांना पाणी घालायला पाठवू नये, आणि पहाटे आपण जाताना दिवा लावून, भोवती पाहून उतरावे.

राहिली गोष्ट रोजगाराची. या चार आठवड्यांत क्वार्टर, शाळा, बँका आणि लग्नाची लॉन यांना एकदमच माणूस हवा असतो, आणि भोके पाडून, मोजून खत देणारा माणूस सापडत नाही. गवत उकरून नवे लावणारे पुष्कळ आहेत, कारण त्यात त्यांचा नफा आहे. कात्री-सुरीला धार लावणाऱ्या आपल्या एका कारागिराला आम्ही मागल्या वर्षी आमचे कापणी यंत्र दिले. सिलिंडरची पाती त्याने पहिल्यांदाच हाताळली, पण दोन दिवसांत कागद कापून दाखवला. यंदा जानेवारीतच त्याच्याकडे शेजारच्या सहा घरांची यंत्रे येऊन पडली.