मजुरीचा रकाना

सकाळी सहा. माए सोतहून उत्तरेला जाणारा १०५ क्रमांकाचा रस्ता. दोन बाकड्यांच्या पिकअपमध्ये, इथं तिला सोंगथेव म्हणतात, माझ्या पायाशी सुताची पोती. वाटेत चौकी, कागद दाखवायचे, पुन्हा बसायचं. सुमारे साठ किलोमीटरनंतर चुनखडीच्या कड्याखाली बांबूची, पानांनी शाकारलेली घरं दाटीनं दिसायला लागतात. ही माए ला, १९८४ पासूनची छावणी. थायलंडच्या म्यानमार सीमेवर अशा नऊ आहेत, त्यांतली सगळ्यांत मोठी. लढाईनं गावं सोडायला लावलेली करेन कुटुंबं इथं राहतात. कित्येकांची नातवंडंही इथंच जन्मली.

मी अहिल्यानगरचा. बचत गटांच्या वह्या तपासण्यातच माझी सगळी नोकरी झाली. आता चर्चच्या एका छोट्या कामासाठी इथल्या विणकाम गटाचे हिशेब बघतो. बायका मला ‘थरा’ म्हणतात, म्हणजे मास्तर. गट चालवणाऱ्या बाई थरामू.

साडेसात. आधी प्रार्थना. चार आवाजांत गाणं सुरू झालं की मी आपला गप्प बसतो, सूर बिघडवायला नको. करेन लोकांतले पहिले ख्रिस्ती को था ब्यू. त्यांचा बाप्तिस्मा १८२८ सालचा, बर्मातल्या अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनकडून. ते मिशन उभं करणारे जडसन १८१२ मध्ये ‘कॅरव्हॅन’ जहाजानं कलकत्त्याला आले, तेव्हा सोबत सॅम्युएल न्यूएल होते. कंपनी सरकारनं दोघांनाही थारा दिला नाही. जडसन रंगूनला गेले, न्यूएल फिरत फिरत मुंबईला पोचले आणि आमच्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागले. हे मी थरामूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “मग तुम्ही उशिराच आलात.”

करेन समाजात बौद्ध जास्त आहेत. आमच्या गटातही आहेत. त्या प्रार्थना संपल्यावर येतात आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. सूत हवं तर आधी प्रार्थनेला बसा, अशी अट असती तर मी इथं आलो नसतो.

साडेआठपासून खरं काम. कमरेच्या मागाचं एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं पट्ट्यानं विणणारीच्या कमरेला. ताण पाठीनं द्यायचा. बाई मागं रेलली की ताणा ताठ, पुढं झुकली की सैल. लाकडी पट्टी ठोकून धागा बसवल्याचा आवाज दिवसभर चालतो. शिकवायला मी कोण? मी फक्त वही उघडतो.

आज खांद्याच्या पिशवीची किंमत काढायची होती. एका बाईनं सूत लिहिलं, शिवणाचा दोरा लिहिला, माए सोतपर्यंतचं भाडं लिहिलं आणि बेरीज मारली. मजुरीचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणाली, “घरी बसूनच तर केलं, थरा.” पापड लाटणाऱ्या बायकांकडून नेवाशात हेच वाक्य ऐकलंय, भाषा तेवढी वेगळी. मी व्याख्यान द्यायच्या तयारीत होतो. थरामूंनी हातानं थांबवलं. “दोन दिवस लागले ना? तेवढे दिवस मक्याच्या रानात खुरपायला गेली असतीस तर मालकानं काय दिलं असतं?” बाईनं आकडा सांगितला. “तो लिही.” तिनं लिहिला, बेरीज पाहिली आणि खो खो हसली. या भावानं पिशवी घेणार कोण!

तिचं बरोबर होतं. पर्यटकाला पिशवी स्वस्तच हवी असते, आणि दयेपोटी घेणारं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की पिशव्या कमी करायच्या. ऑगस्टमध्ये मनगटाला दोरा बांधायचा सण असतो, थंडीत करेन नववर्ष येतं. तेव्हा छावणीबाहेरचे करेनही अंगरखे आणि लुंग्या घेतात. ते विणकाम ओळखतात आणि दाम मोजतात. हे मला सुचलं नव्हतं.

बारा. भात, मिरची, मासळीची आंबवलेली चटणी आणि आंबट पाल्याची भाजी. पाला म्हणजे आपली अंबाडीच. पाला घरामागच्या उतारावरचा. तांदूळ आता विकत. १९८४ मध्ये ख्रिस्ती संस्थांनी एकत्र येऊन शिधा सुरू केला, पुढं तेच काम ‘द बॉर्डर कन्सॉर्शियम’नं चालवलं. अमेरिकेचा पैसा आटला आणि ३१ जुलै २०२५ नंतर बहुतेक कुटुंबांचा शिधा बंद झाला.

एक ते तीन, नोकरीचे करार समजून घ्यायचा वर्ग. विणणाऱ्या कमी, तरुण पोरं जास्त. ऑगस्ट २०२५ मध्ये थाई मंत्रिमंडळानं छावणीतल्या निर्वासितांना बाहेर कायदेशीर काम करायला मुभा दिली. ऑक्टोबरपासून ती लागू झाली. कंबोडियाशी संघर्ष पेटून तिकडचे मजूर मोठ्या संख्येनं परतले होते, तेव्हा थाई मालकांनाही माणसं हवीच होती. त्याआधी चार दशकं कायद्यानं बाहेर कामाला जाता येत नव्हतं. तेवढ्या काळात स्वावलंबनाची शिबिरं मात्र झाली. शिकवलेलं वाया गेलं असं नाही, पण फाटक बंद ठेवून माणसाला पायावर उभं राहायला सांगणं मला कधीच पटलं नाही.

मुभेलाही किंमत आहेच. काम दूरच्या प्रांतात मिळतं, आजी आणि लहान पोरं मागं राहतात, आणि थाई भाषेतला करार पोरांना धड वाचता येत नाही. आता शिवणापेक्षा कराराच्या वर्गाला गर्दी जास्त. आजच्या नमुन्यात राहण्याच्या खर्चाचं एक कलम होतं. थरामूंनी त्याखाली दोनदा रेघ मारली.

चार. पाहुण्यांनी अंधाराआधी बाहेर पडायचं, हा नियम.

रात्री आठ, माए सोत. उद्याची यादी: लाल आणि पांढरं सूत, काळं नको, पडून आहे. आठवड्याची वर्गणी वहीत चढवायची. खोलीभाडं पगारातून कापणार का वेगळं घेणार, हे मालकाला थाईत विचारायला दुभाषा बघायचा, पोरांनी सही करायच्या आधी.