हृदयाचे साठ गुण

शिवनेरीच्या पायऱ्या चढताना धाप लागली, म्हणून आळेफाट्याला जाऊन हृदयाची 'इको' तपासणी केली. अहवालात लिहिले होते : 'इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के.' जन्मभर उत्तरपत्रिका तपासणारा मी. ४० गुण गेले एवढेच मला उमगले! सौभाग्यवतींचा तर चेहराच उतरला.

डॉक्टर हसून म्हणाले, "सर, हा पेपर शंभर गुणांचा नाहीच. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर पडते, त्याचा हा हिशेब. निरोगी हृदयातूनही साधारण ५० ते ७० टक्केच पडते. ४० च्या खाली गेले, तर मात्र काळजी."

या तपासणीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचा प्रतिध्वनी पडद्यावर चित्र काढतो. स्वीडनमधील एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली धातूतील दोष शोधण्याचे यंत्र हृदयाकडे वळवले, तेथून ही विद्या निघाली.

"मग मी पास?" मी विचारले.

"या विषयात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे यात थेट दिसत नाहीत. धापेचे कारण अजून शोधायचे आहे."

तेव्हापासून कोणताही अहवाल हाती आला, की आकड्याला भिण्याआधी मी विचारतो, "डॉक्टर, पेपर किती गुणांचा, आणि विषय कोणता?"