तिरंगी चेंडूची शेवटची मालिका

१९७६ सालच्या अमेरिकी बास्केटबॉलचा विषय निघाला की जाणकार हमखास ४ जूनच्या रात्रीवर येतात. एनबीएच्या अंतिम फेरीतला पाचवा सामना, बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध फिनिक्स सन्स, तीनदा जादा वेळ खेळवावा लागलेला. तो सामना थोर होता यात वाद नाही. पण त्याच्या तीन आठवडे आधी, १३ मे रोजी, न्यूयॉर्कला लागून असलेल्या लाँग आयलंडवर आणखी एक विजेतेपद ठरलं होतं. माझ्या मते त्या वर्षातलं सर्वांत उंचीचं बास्केटबॉल तिथे खेळलं गेलं. फरक इतकाच, की ते खेळवणारी लीग त्यानंतर पाच आठवड्यांत संपली आणि संपलेल्या लीगच्या आठवणी जपायला मागे कुणी उरत नाही.

ही लीग म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, एबीए. १९६७ मध्ये अकरा संघांनी तिची सुरुवात झाली. एनबीए तेव्हा प्रस्थापित होती, तिला शह द्यायचा आणि शेवटी तिच्यातच जागा मिळवायची, असा मालकांचा उघड डाव होता. पहिला आयुक्त जॉर्ज मायकन. स्वतः मोठा खेळाडू, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. तपकिरी चेंडू लांबून नीट दिसत नाही, म्हणून त्याने लाल-पांढरा-निळा चेंडू आणला. लोक हसले, पण पोरांनी तो चेंडू दुकानांतून उचलला. लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण द्यायचा नियमही एबीएने पहिल्याच मोसमापासून राबवला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलवर मायकेल जॉर्डन पाहून जी पिढी बास्केटबॉलच्या नादी लागली, तिने पाहिलेल्या खेळाचं बरंचसं सामान या दिवाळखोर दुकानातून आलेलं आहे.

दिवाळखोर हा शब्द इथे शोभेसाठी नाही. १९७५-७६ चा मोसम सुरू होण्याआधीच बाल्टिमोर क्लॉज हा संघ बुडाला. सॅन दिएगो सेल्स अकरा सामने खेळून बंद पडला, युटा स्टार्स सोळा खेळून. उरले सात. त्यांतला व्हर्जिनिया स्क्वायर्स वर्षानुवर्षं आपले हिरे विकून घर चालवत होता. ज्यूलियस अर्व्हिंग, जॉर्ज गर्विन हे दोघंही आधी त्याच्याचकडे होते. त्या मोसमात स्क्वायर्सने १५ सामने जिंकले आणि ६८ हरले. बेरीज करा, ८३ होते. वेळापत्रकात ८४ होते, एक सामना खेळायचा राहूनच गेला. राष्ट्रीय वाहिनीशी करार नव्हता, म्हणजे दूरचित्रवाणीचा पैसा नव्हता, आणि तिकीटविक्रीवर अख्खी लीग तगत नाही.

मग इतकी वर्षं ती चालली कशी? उत्तराचा एक भाग न्यायालयात आहे. दोन लीग एकमेकींशी झुंजत होत्या तोवर खेळाडूंना भाव होता. एक नाही तर दुसरी पैसे मोजेल, हे त्यांना ठाऊक होतं. १९७० मध्ये विलीनीकरणाची बोलणी सुरू झाली तेव्हा एनबीएच्या खेळाडू संघटनेने अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नावाने दावा ठोकला आणि ती बोलणी अडवली. तो दावा १९७६ च्या सुरुवातीला तडजोडीने मिटला. वाट मोकळी झाली ती तेव्हा. त्याआधीच, सप्टेंबर १९७५ मध्ये, एबीएतल्या दोन संघांनी इतरांना मागे टाकून एनबीएकडे प्रवेशाचे अर्ज दिले होते. एक न्यूयॉर्क नेट्स, दुसरा डेन्व्हर नगेट्स. आठ महिन्यांनी अंतिम फेरीत समोरासमोर उभे राहिले ते हेच दोघं. घराला आग लागल्यावर दारापाशी सर्वांत आधी पोचलेल्यांमध्येच घराचा मुकुट कुणाचा यावरून लढत झाली, असं ते दृश्य होतं.

डेन्व्हरचा संघ त्या वर्षी सर्वांत वरचढ होता. ६० विजय, २४ पराभव. प्रशिक्षक लॅरी ब्राउन, व्यवस्थापक कार्ल शीअर. डेव्हिड थॉम्पसन हा महाविद्यालयातून नुकताच आलेला उड्डाणपटू. एनबीएच्या अटलांटाने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं होतं, तरी तो डेन्व्हरला आला. डॅन इसेलची कथा तर एबीएच्या कारभाराचा नमुनाच. केंटकी कर्नल्स १९७५ चे विजेते आणि इसेल त्यांचा आधारस्तंभ. मालकाने त्याला बाल्टिमोरला विकलं. बाल्टिमोरकडे द्यायला पैसे नव्हते, म्हणून तो डेन्व्हरला गेला. विजेत्याने आपला खांब विकला, घेणाऱ्याला तो परवडला नाही आणि तिसऱ्याचं घर उभं राहिलं.

तिसरा बॉबी जोन्स. सभ्य, अबोल, आणि बचावात त्याच्या तोडीचा फॉरवर्ड दोन्ही लीगमध्ये विरळा.

जानेवारीत डेन्व्हरच्या मॅकनिकल्स अरीनात ऑल-स्टार सामना झाला. सात संघांच्या लीगचे दोन गट पाडायचे कसे? म्हणून आघाडीवरचा डेन्व्हर एका बाजूला आणि उरलेल्यांतले निवडक दुसऱ्या बाजूला, असा घाट घातला. मध्यंतरात डंक मारण्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस हजार डॉलर आणि एक स्टिरिओ संच. अर्व्हिंग, थॉम्पसन, गर्विन, आर्टिस गिलमोर आणि लॅरी केनन. अर्व्हिंग मागे चालत गेला, पावलं मोजली, धावत येऊन फ्री थ्रोच्या रेषेवरून झेपावला आणि चेंडू कड्यात घातला. प्रेक्षक खेचायला काढलेली ही युक्ती शीअरच्या कचेरीतली. आठ वर्षांनी एनबीएने तीच स्पर्धा सुरू केली तेव्हा ती त्याच डेन्व्हरमध्ये, त्याच मैदानावर भरली. तोवर अर्व्हिंग चौतिशीला टेकलेला होता आणि अंतिम फेरीत लॅरी नान्सकडून हरला.

सातांपैकी पाच संघ बाद फेरीत गेले. केंटकीने इंडियाना पेसर्सला तीन सामन्यांच्या छोट्या मालिकेत २-१ ने घालवलं. मग डेन्व्हरशी सातव्या सामन्यापर्यंत झुंज दिली आणि तिथे संपली. गिलमोरसारखा सात फुटी सेंटर असूनही इसेलची उणीव भरून निघाली नाही. तो समोरच्या बाजूला उभा होता.

दुसरी उपांत्य मालिका नेट्स आणि सॅन अँटोनियो स्पर्स यांची, तीही सात सामन्यांची. केनन आणि बिली पॉल्ट्झ हे स्पर्सचे दोन खेळाडू १९७४ मध्ये नेट्सकडून विजेतेपद जिंकलेले. म्हणजे जुने घरभेदी समोर. मालिकेच्या सुरुवातीलाच स्पर्सच्या जेम्स सायलसचा घोटा मोडला. तो शाबूत असता तर नेट्स अंतिम फेरीत दिसलेच नसते असं म्हणणारे सॅन अँटोनियोत आजही भेटतील. त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला तरी जमणार नाही.

आता अर्व्हिंग. ‘डॉक्टर जे’ हे नाव पुढे जगभर झालं, पण त्याचा सर्वोत्तम काळ फार थोड्यांनी पाहिला. मोठा पंजा, एका हातात चेंडू लिंबासारखा धरायचा. १९७३ मध्ये व्हर्जिनियाकडून नेट्सकडे आलेला, मूळचा लाँग आयलंडचाच. भोवतालचा संघ डेन्व्हरच्या मानाने साधा होता. प्रशिक्षक केव्हिन लॉगरीच्या हाताशी ब्रायन टेलर आणि जॉन विल्यमसन हे गार्ड होते आणि आत झुंजायला रिच जोन्स, किम ह्यूज, टिम बॅसेट अशी कष्टाळू मंडळी.

१ मे रोजी डेन्व्हरला पहिला सामना. शेवटच्या क्षणांत ११८-११८. चेंडू अर्व्हिंगकडे, समोर बॉबी जोन्स. जोन्सने काही चुकीचं केलं नाही. अंतर राखलं, हात वर नेला, तोल सोडला नाही. अर्व्हिंगने त्या हातावरून चेंडू सोडला. १२०-११८, आणि अर्व्हिंगचे ४५ गुण. दुसऱ्या सामन्यात त्याने ४८ केले, पण डेन्व्हर १२७-१२१ ने जिंकलं. पुढचे दोन सामने लाँग आयलंडला. दोन्ही नेट्सचे, अर्व्हिंगचे ३१ आणि ३४. पाचवा पुन्हा डेन्व्हरचा, अर्व्हिंग ३७. सहा सामन्यांत मिळून २२६ गुण, सरासरी ३७.७. त्याच्या जोडीला सामन्यामागे चौदाच्या वर रिबाउंड आणि सहा असिस्ट. आकडे भरघोस आहेत. पण समोर त्या काळातला सर्वोत्तम बचावपटू होता हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ कळत नाही.

सहावा सामना, नॅसो कोलिझियम. तिसऱ्या क्वार्टरमध्ये डेन्व्हर ८०-५८ ने पुढे. बावीस गुणांची आघाडी. थॉम्पसन त्या रात्री अडवताच येत नव्हता, त्याचे शेवटी ४२ झाले. इसेलने ३० गुण आणि २० रिबाउंड घेतले. सातवा सामना डेन्व्हरला होणार असं धरून चालायला हरकत नव्हती. लॉगरीने मग पूर्ण कोर्टभर दाब टाकायला लावलं. डेन्व्हरच्या खेळाडूला चेंडू हाती आल्यापासून दोघं अंगावर. डेन्व्हरचे पास चुकायला लागले. दाबाचा खेळ खरं तर लॅरी ब्राउनच्या संघाचा हातखंडा, त्याचीच मात्रा त्याच्यावर चालली.

आणि इथे नायक बदलला. चौथ्या क्वार्टरमध्ये डेन्व्हरची सगळी नजर अर्व्हिंगवर असताना ‘सुपर जॉन’ विल्यमसनने एकट्याने १६ गुण केले. जाडजूड बांध्याचा, छाती काढून चालणारा, आपल्याइतका भारी गार्ड जगात नाही असं बेधडक मानणारा माणूस. तिसरा क्वार्टर संपताना ९२-७८ असलेला फलक शेवटी ११२-१०६ असा उलटला. म्हणजे शेवटचा क्वार्टर ३४-१४. अर्व्हिंगचे ३१ गुण, १९ रिबाउंड. प्रेक्षक मैदानात घुसले.

१७ जूनला मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस या समुद्रकाठच्या गावी करार झाला. नेट्स, नगेट्स, पेसर्स आणि स्पर्स एनबीएत. प्रवेशासाठी प्रत्येकी ३२ लाख डॉलर. वर पहिली तीन वर्षं दूरचित्रवाणीच्या पैशात वाटा नाही. याला विलीनीकरण म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती खरेदी वाटते, आणि तीही अशी की पैसे विकल्या जाणाऱ्यानेच भरायचे.

नेट्सला त्याहून जड दंड बसला. न्यूयॉर्क हा निक्स संघाचा मुलूख. त्यात शिरकाव केल्याबद्दल निक्सला वेगळे ४८ लाख डॉलर द्यायचे ठरले. मालक रॉय बो याच्याकडे एवढी रोकड नव्हती. त्यात अर्व्हिंगचं म्हणणं, एनबीएत गेलो तर पगाराची नव्याने बोलणी करू असा शब्द मला दिला होता. तो सरावालाही आला नाही. मोसम सुरू व्हायच्या तोंडावर बोने त्याला ३० लाख डॉलरना फिलाडेल्फिया सेव्हंटी सिक्सर्सना विकलं. विजेत्याने प्रवेशाचं तिकीट काढलं ते ज्याच्यामुळे विजेता झाला त्यालाच मोडून. पहिल्या एनबीए मोसमात नेट्सने २२ जिंकले, ६० हरले. पुढे ते न्यू जर्सीला गेले, तिथून ब्रुकलिनला. एनबीएचं विजेतेपद त्यांना अजून लाभलेलं नाही. १३ मे १९७६ हा त्यांचा शेवटचा चषक.

हरलेल्या डेन्व्हरने मात्र संघ राखला आणि पहिल्याच वर्षी ५० सामने जिंकून आपला गट मारला. स्पर्सने १९९९ पासून पाच विजेतेपदं नेली. डेन्व्हरला मात्र २०२३ पर्यंत थांबावं लागलं. १९७७ च्या एनबीए अंतिम फेरीत सुरुवातीला उतरणाऱ्या दहा खेळाडूंपैकी पाच एबीएतून आलेले होते. तीन गुणांची रेषा एनबीएने १९७९ मध्ये स्वीकारली. आणि १९८३ मध्ये अर्व्हिंगला एनबीएचं विजेतेपद मिळालं तेव्हा त्याच्या बाजूला मोझेस मलोन होता, तोही मूळचा एबीएचाच, आणि बॉबी जोन्स. जोन्सला फिलाडेल्फियाने १९७८ मध्ये डेन्व्हरकडून आणलं होतं.

एनबीएत जागा न मिळालेल्यांची गोष्ट अधिक चमत्कारिक. केंटकीचे मालक जॉन वाय. ब्राउन यांनी ३० लाख डॉलर घेऊन विषय संपवला. सेंट लुईसच्या स्पिरिट्सचे मालक ओझी आणि डॅनियल सिल्ना हे बंधू मात्र वेगळे निघाले. २२ लाख रोख, आणि वर चारही संघांच्या दूरचित्रवाणी उत्पन्नातला प्रत्येकी सातवा हिस्सा, तोही कायमचा. तेव्हा त्या हिश्श्याला कवडीची किंमत नव्हती, म्हणूनच तर मिळाला. पुढे जॉर्डन आला, वाहिन्यांचे करार अब्जांत गेले. मैदानात एकही चेंडू न टाकता सिल्ना बंधूंनी सुमारे तीस कोटी डॉलर कमावले. २०१४ मध्ये एनबीएने आणखी पन्नास कोटींच्या आसपास देऊन बहुतांश हक्क परत घेतल्याचं वृत्तपत्रांनी छापलं.

खेळाडूंच्या वाट्याला हे काहीच आलं नाही. एनबीए एबीएतल्या गुणांची नोंद आपल्या आकड्यांत धरत नाही. अर्व्हिंगच्या कारकिर्दीतल्या ३०,०२६ गुणांपैकी तिच्या लेखी १८,३६४ च आहेत. हे नोंदीपुरतं सोसता येतं. पण ज्यांना एनबीएत जागाच मिळाली नाही अशा कितीतरी जणांना म्हातारपणी औषधांचे पैसे जमवणं कठीण गेलं. शेवटी जुलै २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडू संघटनेने २ कोटी ४५ लाख डॉलरची तरतूद केली, सुमारे ११५ माजी खेळाडूंसाठी. जितके मोसम खेळले असतील त्या प्रत्येकामागे वर्षाला सरासरी ३,८२८ डॉलर. यादी इतकी आखूड होती याचं एक कारण म्हणजे सेहेचाळीस वर्षं गेली होती, आणि सुपर जॉन विल्यमसनसारखे अनेक तोवर वारले होते.