शस्त्रक्रियेचा दर आणि शस्त्रक्रियेचा हिशोब

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया हा विषय काही वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या घरांमध्ये उघडपणे बोलला जात नसे. आज परिस्थिती बदलली आहे. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याविषयी ते मोकळेपणाने बोलत राहिले, तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय व व्यापारी कुटुंबांत तिची चर्चा होऊ लागली. पेढीवर दिवसभर बसून राहणारा आपला वर्ग, त्यात मधुमेह आणि रक्तदाब. त्यामुळे ही चर्चा आपल्यासाठी अनाठायी नाही. अलीकडे मात्र तिच्यात एक नवा मुद्दा शिरला आहे. परदेशात हे काम स्वस्तात होते म्हणे, मग तेथेच का जाऊ नये?

केज तालुक्यातील युसूफ वडगाव येथे किराणा आणि आडतीचा व्यवसाय करणारे माझे एक स्नेही गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. वय 46, उंची 168 सेंटिमीटर, वजन 118 किलो. दहा वर्षांचा मधुमेह असून गोळ्या वाढवूनही साखर आटोक्यात येत नव्हती. रात्री झोपेत श्वास अडखळत असे. त्यांचा लंडनला राहणारा पुतण्या त्यांना सांगत होता, “काका, माझ्या दोन सहकाऱ्यांनी इस्तंबूलला जाऊन करून घेतली. विमानतळावर गाडी घ्यायला येते, हॉटेल, रुग्णालय, सगळे एकाच रकमेत.” रक्कम होती साडेतीन हजार पौंड, म्हणजे सुमारे चार लाख रुपये. पुण्याच्या एका रुग्णालयानेही त्यांना जवळपास तेवढाच अंदाज दिला होता. स्नेही मला म्हणाले, “साहेब, डॉक्टरांचे डॉक्टर पाहतील. तुम्ही मला फक्त हिशोब मांडून द्या.”

मी डॉक्टर नाही. परंतु कर्जप्रस्ताव तपासण्यात आयुष्य गेले आहे. त्या कामात एक गोष्ट वारंवार दिसे. कारखाना बुडतो तो बहुधा यंत्रे महाग मिळाली म्हणून नव्हे, तर यंत्रे बसविल्यानंतर खेळते भांडवल पुरले नाही म्हणून. शस्त्रक्रियेचा दर हा प्रकल्प खर्च आहे. त्यानंतरची देखरेख, तपासण्या, पूरक औषधे आणि अडचण आल्यास तातडीने मिळणारा डॉक्टर हे खेळते भांडवल आहे. जाहिरातीत फक्त पहिला आकडा असतो.

आधी ही शस्त्रक्रिया काय आहे ते समजून घेऊ. सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात व उरलेल्या भागाची अरुंद नळी बनते. ‘बायपास’ प्रकारात जठराचा छोटासा कप्पा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. अनुभवी हातांत मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास, म्हणजे अत्यल्प आहे. मात्र शंभरात एक-दोन रुग्णांत टाक्यांच्या रेषेतून गळती होते, आणि ती कित्येकदा घरी परतल्यानंतर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उघड होते. ताप, पोटदुखी, छातीची धडधड ही तिची लक्षणे. त्या वेळी तास मोजावे लागतात.

शस्त्रक्रिया कोणी करावी याचेही निकष आहेत. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय मिळतो. आमच्या स्नेह्यांचा तो 41.8 होता. या शाखेच्या अमेरिकन व आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार 35 च्या वर शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो, आणि आशियाई लोकांमध्ये कमी वजनावरही मधुमेह गाठत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा 27.5 पर्यंत खाली आणली आहे. म्हणजे वैद्यकीय पात्रतेचा प्रश्न त्यांच्या बाबतीत नव्हता. औषधांचा पर्यायही आता आहे. 2025 मध्ये ‘मौंजारो’ व ‘वेगोव्ही’ ही इंजेक्शने भारतात आली. त्यांच्या डॉक्टरांनी तो पर्याय समोर ठेवूनच शस्त्रक्रियेकडे कल दिला होता. प्रश्न उरला तो एवढाच : कोठे?

येथे एक विरोधाभास लक्षात घ्यावा. अमेरिकेत या शस्त्रक्रियेला स्वतःच्या खिशातून पंधरा ते पंचवीस हजार डॉलर लागू शकतात, म्हणून तेथील लोक सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना शहरात जातात. ब्रिटनमध्ये सरकारी सेवेची प्रतीक्षा लांब असते, म्हणून तेथील लोक तुर्कस्तानला जातात. आणि याच कारणासाठी आखाती व आफ्रिकी देशांतील रुग्ण मुंबई-पुण्याला येतात. थोडक्यात, ज्या स्वस्ताईसाठी जग प्रवास करते ती आपल्या दाराशी आहे. लंडनच्या पुतण्याचा हिशोब लंडनच्या दराशी तुलना करून मांडलेला होता. युसूफ वडगावच्या काकांना तो लागू पडत नव्हता.

स्वस्ताईची दुसरी बाजूही नोंदविली गेली आहे. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तिहुआना येथे वजनाच्या शस्त्रक्रिया करून परतलेल्या रुग्णांत औषधांना दाद न देणारा जंतुसंसर्ग आढळल्याचा इशारा दिला. 2023 च्या आरंभी तुर्कस्तानात वजन कमी करण्यासाठी जठरात बोट्युलिनम विषाची इंजेक्शने घेतलेल्या साठाहून अधिक युरोपीय रुग्णांना विषबाधा झाली. ही शस्त्रक्रिया नव्हे, परंतु त्याच बाजारातील माल. तुर्कस्तानात उपचारांनंतर आपले नागरिक दगावल्याची नोंद ब्रिटिश सरकार प्रवाशांसाठीच्या सूचनांत करते. याचा अर्थ तेथील सर्व डॉक्टर वाईट असा मुळीच नाही. तेथे उत्तम रुग्णालये आहेत. अर्थ एवढाच, की काही बिघडल्यास रुग्ण एका देशात आणि त्याचा सर्जन दुसऱ्या देशात, अशी स्थिती होते.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहरातील इमान अहमद यांना फेब्रुवारी 2017 मध्ये खास विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. वजन सुमारे 500 किलो सांगितले जात होते. 7 मार्चला त्यांच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आणि वजन झपाट्याने उतरले. परंतु पुढच्या उपचारांबाबत नातेवाईक व रुग्णालय यांच्यात जाहीर मतभेद झाले. नातेवाइकांचे आक्षेप रुग्णालयाने फेटाळले. मे महिन्यात रुग्णाला अबू धाबीला हलविण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये तेथे त्यांचे निधन झाले. त्यांची प्रकृती असाधारण होती, त्यामुळे त्यावरून शस्त्रक्रियेचा निवाडा करणे अन्यायाचे ठरेल. पण घरापासून दूर उपचार घेताना शस्त्रक्रियेनंतर कोण, कोठे आणि किती काळ काळजी घेणार, हे आधी ठरले नसेल तर काय ओढाताण होते, ते त्यातून दिसते. याउलट अरुण जेटली यांनी 2014 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच महिन्यात त्यांना पुढील उपचारांसाठी एम्समध्ये दाखल व्हावे लागले. तेही दिल्लीतच होते. विमान पकडावे लागले नाही.

आता स्नेह्यांसाठी मांडलेला हिशोब. चार लाखांच्या पॅकेजमध्ये पाच रात्रींचा मुक्काम होता. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळीचा धोका असल्याने किमान 10 दिवस विमानप्रवास टाळावा, असे अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र सांगते. म्हणजे आणखी किमान पाच रात्री स्वखर्चाने. सोबत एक माणूस हवाच. दोघांची तिकिटे, व्हिसा, जेवण. परकीय चलन पाठविण्यास अडचण नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठविता येतात, आणि ठराविक मर्यादेपलीकडे कापला जाणारा टीसीएस विवरणपत्रात समायोजित होतो. खरी मेख विम्यात आहे. आपल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी भारतातील उपचारांपुरत्याच असतात, आणि प्रवास विमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचा वा तिच्या गुंतागुंतीचा खर्च सहसा देत नाही.

याउलट भारतात शस्त्रक्रिया केल्यास विमा मिळू शकतो, ही गोष्ट आपल्या अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या शब्दरचनेनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया वगळलेली असली तरी तिला अपवाद आहे. रुग्ण 18 वर्षांचा वा मोठा असावा, डॉक्टरांचा सल्ला असावा, बीएमआय 40 किंवा अधिक असावा. अथवा 35 च्या वर असून हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असावा व साधे उपाय निष्फळ ठरलेले असावेत. अनेक पॉलिसींत यासाठी प्रतीक्षाकालही असतो. स्नेह्यांची पॉलिसी काढून वाचली तेव्हा तो पुरा व्हायला पाच महिने उरले होते. मधुमेह त्यांनी प्रस्तावपत्रात प्रामाणिकपणे लिहिला होता, म्हणून दाव्याला आधार होता. ज्यांनी तो लपविला असेल त्यांनी दावा नाकारला जाण्याची तयारी ठेवावी.

शेवटचा रकाना आहाराचा, आणि आपल्या घरांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा. शस्त्रक्रियेनंतर रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने, दिवसभर घोटघोट पाणी, आणि ब-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या पूरक गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत किमान दोन वर्षे शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूची देखरेख आणि नंतर दरवर्षी तपासणी सांगितली आहे. कंदमुळे वर्ज्य आणि चौविहार असला तर एवढी प्रथिने व एवढे पाणी सूर्यास्तापूर्वी बसवावे लागते. मूग, पनीर, दूध, सत्त्व काढलेली मट्ठ्याची पावडर यांतून ते जमते, पण आपला आहार जाणणारा आहारतज्ज्ञ लागतो. परदेशी रुग्णालयातील पहिल्या दिवसांच्या सूपमध्ये मांसाचा अर्क असू शकतो. गोळ्यांचे कॅप्सूल पुष्कळदा जिलेटिनचे असते, मात्र वनस्पतिजन्य आवरणातही ते मिळते. रक्ताची गुठळी टाळण्यासाठी देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून बनते. त्याला कृत्रिमरीत्या तयार होणारे पर्याय आहेत, ते आपल्याला चालतील का हे डॉक्टरांनाच आधी विचारावे. जीव वाचविणारे औषध ऐनवेळी नाकारण्यापेक्षा ही चर्चा महिनाभर आधी व्हावी. पर्युषणातील निर्जल उपवास पहिल्या वर्षात धोक्याचा ठरू शकतो. त्याविषयी डॉक्टर आणि महाराज साहेब दोघांशी आधी बोलून पच्चक्खाणाची मर्यादा ठरवावी. ही बोलणी दुभाष्यामार्फत, पाच रात्रींच्या मुक्कामात होत नसतात.

हे सर्व एका कागदावर आल्यावर स्नेह्यांना निर्णयासाठी माझ्या मताची गरज उरली नाही. डॉक्टरांच्या संमतीने पाच महिने थांबून त्यांनी वजन सात किलो उतरविले, तंबाखू सोडली आणि नंतर पुण्यात शस्त्रक्रिया करून घेतली. विम्याने बिलाचा मोठा भाग दिला. त्यांच्या सर्जनने अंबाजोगाईतील एका फिजिशियनला सारांशपत्र पाठविले. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रात्री अपरात्री काही झाले तर धाव कोठे घ्यायची, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक झाले.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यासाठी भारत हाच परदेशी आणि स्वस्त पर्याय ठरतो, आणि आईवडिलांच्या घरी महिनाभर राहण्याची सोय असेल तर तो चांगलाही ठरतो. मात्र त्यांनीही परतल्यावर तपासण्या कोण करील, तेथील डॉक्टर दुसऱ्या देशात झालेल्या शस्त्रक्रियेचा रुग्ण स्वीकारतील का, हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. लग्न ठरलेल्या किंवा नवविवाहित मुलींनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हेही दोन्ही घरांना माहीत असावे.

ज्या घरात हा विचार चालू असेल, तेथे तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. पंधराव्या दिवशी ताप आला तर कोणाला फोन करायचा आणि किती तासांत पोहोचायचे? दुसऱ्या वर्षी रक्त तपासणी कोण वाचणार? दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली तर पैसे कोठून येणार? ज्या ठिकाणाबाबत ही तिन्ही उत्तरे मिळतात ते ठिकाण आपल्यासाठी योग्य, मग ते कोणत्याही देशात असो. उत्तरे मिळत नसतील, तर दर कितीही कमी असला तरी सौदा महागच पडेल.