कॉन्फिगरेशन फाइल आणि विदासंचाची पुनर्निर्मिती : चंद्रपूर-गडचिरोलीच्या भाषिक कोष्टकांच्या आधारे

भाषाविषयक संशोधनात कोष्टके छापली जातात. ती ज्या निर्णयांतून घडली ते निर्णय मात्र क्वचितच छापले जातात. कोणत्या वर्षीची जिल्हासीमा धरली, कोणती बोली कोणत्या भाषेखाली घातली, शब्दांचा क्रम कोणत्या नियमाने लावला, हे सारे बहुधा संशोधकाच्या स्मरणात किंवा संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये विखुरलेले राहते. मूळ सामग्री तीच असूनही दुसऱ्या अभ्यासकास तेच कोष्टक पुन्हा सिद्ध करता येत नाही, याचे कारण यातच आहे.

विदासंच म्हणजे कोष्टके, त्यांचे वर्णन आणि ती तयार करणारा प्रोग्रॅम यांचा एकत्रित गठ्ठा होय. मूळ सामग्रीपासून तो कोणासही अक्षरशः तसाच पुन्हा बांधता आला, तर त्यास पुनर्निर्मितिक्षम म्हणावे. बांधणीचे सर्व निर्णय ज्या छोट्या, वाचनीय फाइलमध्ये नोंदले जातात ती कॉन्फिगरेशन फाइल. प्रोग्रॅम कृती सांगतो. कॉन्फिगरेशन फाइल त्या कृतीस लागणारे पर्याय सांगते.

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील गोंडी-माडियाभाषकांच्या संख्येचे दशकवार कोष्टक करावयाचे आहे, असे समजू. १९६१ च्या जनगणनेत हा प्रदेश ‘चांदा’ या नावाने आढळतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. म्हणून १९८१ चे ‘चंद्रपूर’ आणि १९९१ चे ‘चंद्रपूर’ ही दोन भिन्न क्षेत्रे आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यास भाषा मागे हटली असा भास होईल. वस्तुतः सीमा सरकली आहे. १९९१ नंतरचे दोन्ही जिल्हे एकत्र मिळवून जुन्या क्षेत्राशी ताडावयाचे, की प्रत्येक वर्षाची प्रचलित सीमा धरावयाची, हा निर्णय फाइलमध्ये एका ओळीत लिहिला पाहिजे.

भाषांच्या संकेतांचेही तसेच आहे. आयएसओ ६३९-३ या मानकातील दक्षिण गोंडीचा ‘जीजीओ’ हा संकेत २०१६ मध्ये रद्द होऊन त्याच्या जागी अहेरी गोंडीचा ‘ईएसजी’ व आदिलाबाद गोंडीचा ‘डब्ल्यूएसजी’ असे दोन संकेत आले. २०११ च्या जनगणनेने ‘मारिया’ ही मातृभाषा गोंडीखाली धरली आहे, तर आयएसओ तिला गोंडीच्या गटाबाहेर स्वतंत्र संकेत देते. माडिया बोलणारा मनुष्य कोष्टकात स्वतंत्रपणे दिसेल की गोंडीत विरून जाईल, हे अशा एका ओळीवर अवलंबून असते. म्हणून मानकाची आवृत्ती आणि वर्गीकरणाचा आधार ही दोन्ही नोंदणे आवश्यक ठरते.

लेखनाचे सापळे याहून सूक्ष्म असतात. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रांतर्गत गडचिरोलीचा संकेत १२ व चंद्रपूरचा १३ होता. २०११ मध्ये ते अनुक्रमे ५०८ व ५०९ झाले. दोन्ही वर्षांचे संकेत तीन अंकी दिसावेत म्हणून कोणी १२ ऐवजी ०१२ लिहिले, तर यामल १.१ या स्वरूपाच्या नियमानुसार शून्याने आरंभ होणारी संख्या अष्टमान पद्धतीने वाचली जाते आणि तिचे मूल्य १० होते. १० हा त्याच यादीत भंडाऱ्याचा संकेत आहे! संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. उपाय सोपा आहे : संकेत ही संख्या नव्हे, नाव आहे, असे मानून तो अवतरणचिन्हांत लिहावा. शब्दसूचीच्या क्रमाबाबतही हीच दक्षता हवी. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ च्या पाठोपाठ येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. कोणता क्रम अभिप्रेत आहे, हे स्पष्ट लिहिले नाही तर ज्या त्या संगणकाची सवय निर्णय घेते.

यावरून व्यवस्थापनाचे काही नियम निष्पन्न होतात. प्रत्येक निर्णय एकाच ठिकाणी नोंदावा. मूळ फाइलींना हात लावू नये. त्यांच्या मजकुरावरून गणिताने काढलेला चेकसम नोंदवावा, म्हणजे एक अक्षर बदलले तरी ते उघड होईल. वापरलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती लिहावी. ‘अद्ययावत’ हा शब्द पुरेसा नाही. स्वतःच्या संगणकावरील फोल्डरांचे पत्ते व पासवर्ड या फाइलीत कदापि असू नयेत. फाइलीतील प्रत्येक बदल गिटसारख्या व्यवस्थेत कारणासह नोंदला जावा. शेवटी संच दुसऱ्या संगणकावर नव्याने बांधून दोहोंचे चेकसम ताडावेत. ते जुळले तरच पुनर्निर्मिती सिद्ध झाली.

कॉन्फिगरेशन फाइल निर्णय योग्य ठरवीत नाही, हे खरे. माडियास गोंडीत गणावे की नाही, हा वाद भाषाशास्त्राचाच राहील. परंतु निर्णय उघड असला म्हणजे विरुद्ध मताच्या अभ्यासकास ती एकच ओळ बदलून सारे कोष्टक पुन्हा बांधता येते, आणि मतभेदाने आकड्यांत नेमका किती फरक पडतो, हे दाखविता येते. वादास असे मोजमाप लाभणे, हेच या पद्धतीचे खरे प्रयोजन होय.