फोर-व्हील जीप : घेण्याआधी आणि चिखलात घालण्याआधी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याचा लेख म्हणजे तोडणीचा कार्यक्रम, नाहीतर खोडव्याची निगा, हे आता ठरून गेले आहे. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. अलीकडे आपल्या कार्यक्षेत्रात फोर-व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या, गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. उसाचे बिल जमा झाले किंवा कुणाच्या जमिनीचा मोबदला आला, की दारात उंच चाकांची गाडी उभी राहते. गट ऑफिसात बसलो की तरुण सभासद विचारतात, "साहेब, तुम्ही इतकी वर्षं जीप वापरताय. कोणती घेऊ? चिखलात अडकत नाही ना?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अडकते, आणि चांगलीच अडकते. कशी अडकते हे मी स्वतः अनुभवले आहे, म्हणूनच हा लेख.

जीप आपल्याकडे आली कशी

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची देणगी. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी या गाड्या लाखांनी तयार झाल्या. युद्ध संपल्यावर शेतीच्या आणि सरकारी कामासाठी त्या जगभर पसरल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलिस जीपची जोडणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली आणि पुढे विकास गटाची जीप गावोगाव फिरू लागली. आपल्या वाडवडिलांना जीप दिसली की साहेब आला एवढेच कळे. खत, बियाणे, कुटुंबनियोजन, वसुली, सगळे त्याच गाडीतून यायचे.

पुढे हा धंदा आपल्याच जिल्ह्यात वाढला. पुण्याच्या टाटा कारखान्यातून १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी बाहेर पडली. सफारीला चारही चाकांची ओढ घेण्याची सोय होती. आकुर्डीच्या बजाज टेंपोने ट्रॅक्स घराघरांत नेली. त्याच कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले आणि तिची गुरखा आज डोंगरी रस्त्यावर ओळखीची आहे. २०१० साली महिंद्रचा कारखाना चाकणला उभा राहिला. २०२२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ-एन तिथलीच.

भोसरीच्या शेडमधला धडा

माझे लहानपण भोसरीचे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि हळूहळू भोसरीच्या ज्वारीच्या रानात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. तालमी आणि बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी ओळखले जाणारे हे गाव सुट्या भागांचे गाव झाले. माझे वडील तिथे गिअर कापण्याच्या एका छोट्या कारखान्यात होते. मी शेती पदविका करून कारखान्याच्या नोकरीत आलो, आणि २००८ साली लष्कराच्या लिलावातून आलेली एक जुनी जीप एका ओळखीच्या गृहस्थाकडून विकत घेतली. मुख्य गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असलेली. आईने एकच विचारले, "हिला छप्पर कधी येणार?"

त्या दोन दांड्यांचा डबा, ज्याला ट्रान्सफर केस म्हणतात, तो महिन्याभरात ओरडायला लागला. वडिलांनी मला भोसरीतल्या त्यांच्या ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवले. त्यांनी डबा खोलला, झिजलेला दात दाखवला आणि विचारले, "डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून फिरता का?" मी हो म्हटले. मला वाटायचे, चार चाकांनी ओढली तर गाडी रस्ता जास्त धरेल.

मिस्त्रींनी तेव्हा जे समजावले ते इथे सांगतो. खळ्यावर पात धरली की तिवड्याजवळचा बैल थोडे चालतो आणि कडेचा बैल जास्त चालतो. गाडी वळतानाही तसेच असते. बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. हा फरक सांभाळायला मागच्या आणि पुढच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असते. पण जुन्या जीपमध्ये, आणि आजच्याही बऱ्याच फोर-व्हील गाड्यांमध्ये, फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट बांधले जातात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त वाट चालतात. मातीत चाक थोडे घसरते आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दातांवर येतो. म्हणून सडकेला लागलात की दांडी परत दोन चाकांवर आणावी.

दुसरी दांडी 'लो'ची. तिने गाडीचा वेग सुमारे अडीच पटीने कमी होतो आणि ओढ तितकीच वाढते. चढ चढताना तिचा उपयोग आहेच, पण खरा उपयोग उतरताना. लोचा पहिला गिअर टाकून, क्लचवरचा पाय काढून गाडी सोडली की इंजिनच तिला धरून ठेवते आणि ब्रेकवर भार येत नाही.

तिसरी गोष्ट तर सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक आहे. एक चाक चिखलात गरगरा फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही, तेव्हा आपण ट्रॅक्टरचा डिफरन्शियल लॉक दाबतो. साध्या फोर-व्हील गाडीला हा लॉक असेलच असे नाही. तो नसेल तर पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके घसरली तरी चार चाकांची गाडी जागेवर उभी! गुरखासारख्या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक असतो. गाडी घेताना हे विचारून घ्यावे. आणखी एक पाहावे. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांच्या ओढीचीही मिळते. दिसायला दोन्ही सारख्याच. आपण कोणती घेतो आहोत हे कागदावर पाहून घ्यावे, शोरूमच्या काचेतून नव्हे.

निघताना मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधी पायानं बघा, मग चाक घाला." मी मान डोलावली आणि पैसे देऊन निघालो. वाक्य तिथेच राहिले.

२ डिसेंबर २०२१ ची रात्र

१ डिसेंबर २०२१ चा अवकाळी पाऊस सर्वांना आठवत असेल. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात त्या गारठ्याने मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या दगावल्या. हंगाम सुरू होता. ट्रॉल्या फडातच रुतल्या होत्या आणि टोळ्या कोप्यांमध्ये बसून होत्या. दुसऱ्या दिवशी रात्री नऊच्या सुमारास स्लिपबॉयचा फोन आला. नदीकाठच्या फडात बैलांसाठी वाढे तोडताना टोळीतल्या एका तरुणाच्या नडगीवर कोयता बसला होता आणि रक्त थांबत नव्हते. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत आली होती. पुढे सव्वा किलोमीटर काळ्या मातीची पाणंद. रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला, "माझी गाडी आत जाणार नाही."

मी म्हणालो, "माझी जाते."

फोर-व्हील लावली आणि जोरात घातली. चारएकशे पावले गेलो असेन. पुढे पाटाचा ओलांडा होता. ट्रॉल्यांनी तिथे दोन्ही बाजूंना गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधला उंचवटा तसाच राहिला होता. जीपची चाके चाकोरीत उतरली आणि पोट उंचवट्यावर टेकले. गाडी पोटावर बसली की चार चाके काय आणि आठ काय! मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. चाकांनी चिखल उडवला आणि स्वतःचे खड्डे आणखी खोल केले.

खाली उतरून बॅटरी मारली, तेव्हा दिसले की डाव्या अंगाला वीस पावलांवर खोडव्याचे रान होते. त्यात पाचट पसरलेले. तिथून जीप अलगद गेली असती. हे पाहायला दोन मिनिटे लागली असती. मी ती वाचवली होती.

थोड्या वेळाने समोरून कंदील आले. टोळीतल्या सहा जणांनी त्या पोराला बाजेवर घातले होते आणि खांद्यावर घेऊन ते चिखलातून चालत येत होते. बाज माझ्या जीपच्या बाजूने पुढे गेली. कुणी मला काही बोलले नाही. मी एका कोपऱ्याला खांदा दिला. रुग्णवाहिका हलली तेव्हा फोन येऊन तास उलटून गेला होता. नंतर वाढ्यांच्या मोळ्या आणि पाचट चाकांखाली कोंबून पहाटे जीप निघाली.

पोरगा वाचला. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. माझ्यामुळे पाय बिघडला असे डॉक्टर म्हणाले नाहीत, पण तो तासभर रक्त वाहत होते हे मला ठाऊक आहे. मी "माझी जाते" म्हणालो नसतो, तर टोळीला आधीच फोन करून बाज निघाली असती. त्या हंगामात त्याला पुन्हा फडात उतरता आले नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हे आपण जाणताच. तिचेही काम अर्धे झाले आणि उचल पुढच्या वर्षावर गेली. माझी जीप मात्र धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू झाली.

चालवणाऱ्याने लक्षात ठेवावे

१) अवघड जागेआधी थांबावे, उतरावे, चालून पाहावे. आपला पाय जिथे नडगीपर्यंत जातो तिथे गाडी घालू नये. ट्रॉलीच्या चाकोरीत चाक न उतरवता एक चाक उंचवट्यावर ठेवावे.

२) फोर-व्हील चिखलाच्या आधी लावावी, रुतल्यावर नव्हे. चाक जागेवर फिरू लागले की लगेच पाय काढावा आणि आलो त्याच चाकोरीने मागे यावे.

३) काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. हवा काही पौंड कमी केल्यास टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरून घ्यावी. पंप जवळ नसेल तर हवा सोडू नये.

४) उतार सरळ उतरावा, आडवा कधीही घेऊ नये. आडव्या उतारावर उंच गाडी कलंडते.

५) जुन्या जीपच्या स्टिअरिंगमध्ये अंगठे आत अडकवू नयेत. दगडावर चाक आपटले की स्टिअरिंग उलटे फिरते आणि अंगठा मोडतो.

६) ओढ्याचे पाणी वाहते असेल तर गाडी घालूच नये. थारसाठी कंपनी ६५० मिलीमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक, पाणी चालते असे सांगते. पण ते स्थिर पाण्याचे आणि टणक तळाचे गणित आहे. इंजिनात पाणी शिरले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत.

७) रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढताना तारेचा दोर तुटला तर तो कोयत्यासारखा फिरतो. दोरावर मधोमध ओले पोते टाकावे आणि सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा दूर उभे करावे. दोर चॅसिसच्या हुकालाच बांधावा, बंपरला नव्हे.

उसाच्या रानात गाडी नको

आता माझ्या खात्याचे बोलतो. तोड झाल्यावर वाफसा नसताना हौसेने गाडी फडात फिरवणारे काही तरुण मी पाहिले आहेत. पावणेदोन टनांची गाडी ओल्या काळ्या रानात फिरली की माती दाबली जाते, पाण्याचा निचरा आणि मुळांची हवा बंद होते, आणि खोडव्याचे फुटवे त्या पट्ट्यात विरळ येतात. ट्रॉली याहून जड असते हे खरे, पण ट्रॉली कामाला येते. हौसेसाठी पडीक माळ आहे. तोही कुणाचे गायरान किंवा वनखात्याचा नाही हे विचारून घ्यावे.

गाडी घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे. डोंगरवाडीला रोज दूध घालणाऱ्याला फोर-व्हीलचा उपयोग आहे. ज्याची गाडी वर्षातून चार दिवस मातीत उतरते, त्याने जादा किंमत, जादा वजन आणि जादा डिझेल कशासाठी घ्यायचे, याचा विचार घरात बसून करावा.

आणि एक विनंती. कितीही भारी गाडी आली तरी ती पाणंदीची जागा घेत नाही. हंगामाआधी आपापल्या पाणंदीचे ओलांडे मुरूम टाकून भरून घ्यावेत. पाणंद रस्त्यांच्या शासकीय योजनेसाठी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. ज्या फडाकडे रुग्णवाहिका जाऊ शकत नाही, त्या फडाचे नाव आपल्या गट ऑफिसात आत्ताच नोंदवावे. तिथे टोळी उतरवण्याआधी मी स्वतः रस्ता पाहायला येईन.

जीप डांबरी रस्त्यावर उभी करून, चालत येईन.